सात मिनिटांचा गोंधळ

अंबादास,

परवा तुला विमानात चढवून घरी आलो आणि पोटभर जेवलो. भूक लागली होती, खोटं कशाला सांगू. सकाळी सातपासून दुबईच्या कार्गो टर्मिनलवर एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे कागद नेत होतो. एका खिडकीतल्या माणसाने विचारलं, "रिलेशन?" मी म्हणालो, "कलीग." त्याने तसं लिहून घेतलं. तू ऐकलं असतंस तर ओशाळून हसला असतास. म्हणाला असतास, "साहेब, मी कसला तुमचा कलीग?"

दहा वर्षं मी तुला सांगत होतो की मला साहेब म्हणू नकोस. वयाने तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मोहन म्हण, नाहीतर काहीच म्हणू नकोस. तू मान हलवायचास आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा साहेब. ते भांडण मी हरलो. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं होतं. आपलं दुसरं एक भांडण आहे, ते मिटलेलं नाही, आणि त्यात मी जिंकलो होतो. त्याबद्दल तुझ्याशी बोलायचं राहिलं. म्हणून लिहायला बसलोय.

रास अल खैमाच्या त्या सिमेंट कारखान्यात मी डिस्पॅच ऑफिसर होतो आणि तू पॅकिंगमध्ये. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका दुपारी पॅकिंग मशीन मेंटेनन्ससाठी बंद होतं, म्हणून यार्डात कधी नव्हे ती शांतता होती. एक पठाण ड्रायव्हर ट्रक घेऊन चुकीच्या दाराकडे मागे मागे यायला लागला. फोरमन शिट्ट्या मारत होता, दोघंतिघं हात हलवत होते. तू पॅकिंगच्या दाराशी आलास, नाकावरचा फडका खाली ओढलास आणि एक हाक दिलीस. नुसती "ओ खानसाब!" एवढीच. पण ती अख्ख्या यार्डावरून गेली आणि काचा बंद असलेल्या माझ्या केबिनमध्ये शिरली. खानसाबने करकचून ब्रेक मारला. मी खुर्चीतून उठून बाहेर आलो.

"कुठला रे तू?"

"बार्शीकडचा, साहेब."

"आणि हा आवाज?"

"घरातला हाय. आमी गोंधळी."

गोंधळी म्हणजे काय हे मला माहीत होतं ते माझ्या लग्नापुरतं. कल्याणच्या एका हॉलमध्ये दोन माणसांनी संबळ वाजवत देवीची गाणी म्हटली होती, आणि हॉल पाच वाजता रिकामा करायचा म्हणून माझ्या काकांनी त्यांच्यामागे घाई लावली होती. हे मी तुला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तू विचारलंस, "मंग आवतण पुरं झालं का?" आवतण म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. तू समजावलंस, की गोंधळाला आधी सगळ्या देवींना नाव घेऊन बोलवावं लागतं, एकही सुटता कामा नये. मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलंस, जणू माझं लग्न अर्धंच लागलं होतं.

नवरात्रातल्या शुक्रवारी तुला घरी बोलावलं. नीलाने, माझ्या बायकोने, तू सांगशील तसा चौक मांडला. नवं कापड, त्यावर तांदूळ, कलश, नारळ, शारजाहून आणलेली विड्याची पानं. तुणतुणं तू तुमच्या कामगार कॅम्पवरच बनवलं होतंस, दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्याचं. दिवटी पेटवतो म्हणालास तेव्हा नीला घाबरून म्हणाली, "भाऊजी, पडदे आहेत हो." मग समईवर भागवलं.

तू बोलावणं सुरू केलंस. गावोगावच्या देवींना नावाने, त्यांच्या वाटेवरच्या खुणा सांगत, आज या घरी या म्हणून. एकेका नावाला आवाज चढत गेला. आमची सायली तेव्हा सहा वर्षांची. तिने कानांवर हात ठेवून विचारलं, "बाबा, व्हाय इज अंकल शाउटिंग?" नीलाने तिला दटावलं तर तू डोळ्यांनीच सांगितलंस, राहू द्या. समोरच्या फ्लॅटमधले मल्याळी मास्तर तक्रार करायला आले, दारात उभे राहिले, आणि चपला काढून खाली बसले.

मग एकदम तू थांबलास.

"साहेब, हितल्या गावची आई कोन?"

मी हसलो. "इथे कुठली रे देवी!"

"कोन तरी आसंलच की. जिच्या मातीवर हुबा हाय तिला हाक न मारता म्होरं कसं जाऊ?"

आणि नाव माहीत नाही म्हणून माफी मागून, डोळे मिटून, तू तिलाही बोलावलंस. डोंगराखालची, खाऱ्या पान्यावरची, जी कोन आसशील ती, ये. चार वर्षं मी त्या गावात राहत होतो. रोज सकाळी त्या डोंगराकडे बघत होतो, पण माझ्यासाठी तो कारखान्याचा चुनखडीचा डोंगर, त्यापलीकडे काही नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझे वडील गेले. नीला आणि सायली सुट्टीला कल्याणलाच होत्या. माझा पासपोर्ट व्हिसा रिन्युअलला गेलेला, तो तीन दिवस सुटेना. तिकडे सगळं उरकलं आणि मी इथे फ्लॅटमध्ये भिंतीला पाठ लावून बसलेला. तू शिफ्ट संपली की यायचास. पिठलं करायचास. ज्वारीचं पीठ नव्हतं म्हणून कणकेच्याच जाड भाकऱ्या थापायचास. मला वाटलं, काहीतरी म्हणशील, गाशील. तू तोंड उघडलं नाहीस. तिसऱ्या दिवशी मीच चिडून विचारलं, "अरे, काहीतरी म्हण की!"

"न्हाई साहेब. गोंधळ बोलवायचा आसतो. जानाऱ्याला आडवायचा न्हाई."

पुढे मला किती जणांनी समजावलं, धीर दिला. त्यातलं काही आठवत नाही. तुझं ते समोर बसणं आठवतं. त्या तीन दिवसांसाठी मी तुला कधी थँक यूसुद्धा म्हटलं नाही. आपल्यात म्हणायची पद्धत नाही म्हणून राहिलं, की तू पॅकिंगमधला आणि मी केबिनमधला म्हणून राहिलं, हे आता मला ठरवता येत नाही.

तुला स्टेजवर मी नेलं. हे मान्य करूनच पुढे जायला हवं. आमचं मराठी मंडळ दुबईत शाळेचा हॉल भाड्याने घेऊन कार्यक्रम करायचं आणि मी कल्चरल कमिटीत होतो. पाडव्याच्या कार्यक्रमात तुला उभं केलं. मी तुला वेळ सांगितली नव्हती आणि तू चाळीस मिनिटं गायलास. पुढच्या रांगांत चुळबूळ सुरू झाली, मागे पोरं पळापळ करायला लागली, पण मध्यावर एक म्हातारे गृहस्थ, मुलाकडे व्हिजिटवर आलेले, ते उभे राहून हात जोडून रडत होते. मला ते दिसत होते. अध्यक्षांना घड्याळ दिसत होतं.

अध्यक्ष कॉन्ट्रॅक्टिंगमधले मोठे गृहस्थ. माणूस वाईट नव्हे. कार्यक्रम संपल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मोहनराव, आर्टिस्ट फर्स्ट क्लास. पण आयटम लांब होतो हो. सात मिनिटांत बसवा, मग बघा, दर प्रोग्रामला घेऊ."

पुढच्या शुक्रवारी मी कॅम्पवर आलो. मेसमधल्या लांब टेबलाशी आपण समोरासमोर बसलो. माझ्याकडे वही, पेन आणि मनगटावर घड्याळ. तुला म्हटलं, सांग एकेक नाव. तू सांगत गेलास आणि मी लिहीत गेलो. दोन पानं भरली. मग मी काटायला सुरुवात केली.

"ही काढू?"

"ती माझ्या आयच्या म्हायेरची, साहेब."

"अरे, पण मंडळात तिला कोण ओळखतं?"

"मी वळखतो की."

मी काटली. तू बघत राहिलास. मग पुढची, मग त्याच्या पुढची. तू एकदाच आवाज चढवलास. म्हणालास, "साहेब, लग्नाच्या घरात बसून पावनी कमी करताय तुमी. ज्येंची नावं काटली त्येंच्या दारावरनं मी जायाचं कसं?" मी म्हणालो, "अंबादास, हा गोंधळ नाही, प्रोग्राम आहे. देवीला कळतं तेवढं." तू म्हणालास, "देवीला कळंल. मला कळत न्हाई." मी म्हणालो, तुला लोकांनी ऐकायला हवंय की नकोय? यावर तू गप्प बसलास. मी त्याला होकार समजलो.

बोलावणं झाल्यावर जी कथा लागते, तुझे वडील उजाडेपर्यंत सांगायचे ती, ती तर मी पूर्णच काढली. वहीत तिच्यासाठी जागासुद्धा ठेवली नाही.

सात मिनिटं चोख बसली. पुढची पाच-सहा वर्षं शारजा, अबू धाबी, अल ऐन, फुजैरा, मराठी माणसांनी जिथे हॉल घेतला तिथे तू होतास. मंडळाने तुला मखमली अंगरखा शिवला. गावाहून कवड्यांची माळ आली. बायका मुलांना तुझ्या शेजारी उभं करून फोटो काढायच्या. तुला ते आवडत होतं, हेही लिहायला हवं, नाहीतर सगळा दोष अंगावर घेऊन मी उगाच मोठा व्हायचो. माझ्या गाडीच्या आरशात बघून तू भांग पाडायचास. फोटोंच्या जादा प्रती मागून घ्यायचास, गावाकडे वहिनींना पाठवायला. एकदा अबू धाबीहून येताना म्हणालास, "माझ्या बापाला येवडी मानसं येका जागी कदी गावली न्हाईत." तुझा चेहरा उजळला होता. मी मनात म्हटलं, बघ, मी म्हणत होतो ना.

आता दोन गोष्टी सांगतो. तुला माहीत असतील कदाचित. मी कधी सांगितल्या नाहीत.

पहिली महादेवची. महादेव तुझा धाकटा भाऊ, तुझ्या मागे संबळ वाजवणारा. स्टेजवर त्याच्या जागी आमचा कीबोर्डवाला ऑक्टोपॅडवर ठेका धरायचा आणि तू दर वेळी उतरल्यावर म्हणायचास, "भिंतीसंगं गातुय आसं वाटतं, साहेब. महादूला आना येकदा. येकदाच." मंडळाकडे एका वर्षी पाहुण्या कलाकारांसाठी व्हिजिट व्हिसे आले. मी मीटिंगमध्ये महादेवचं नाव घेतलं. कुणीतरी मुंबईच्या ऑर्केस्ट्राचं नाव घेतलं, त्यांना एक व्हिसा कमी पडत होता. हात वर करायला सांगितले. अंबादास, मी ऑर्केस्ट्रासाठी हात वर केला. तिकिटं खपली असती, हॉल भरला असता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. तुला येऊन सांगितलं, "व्हिसा रिजेक्ट झाला रे." तू विचारलंस, "का?" मी म्हणालो, "इमिग्रेशनचं काय सांगणार!" तू म्हणालास, "बरं, म्होरल्या साली. इन्शाल्ला." इथे राहून तूही इन्शाल्ला म्हणायला लागला होतास.

त्याच सुमाराला तुझा खोकला सुरू झाला. कारखान्याच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरने बिडी सोड म्हणून सांगितलं आणि एक सिरप दिलं. बिडी सोडलीस, खोकला राहिला. एका दुपारी माझ्या केबिनच्या दारात उभा राहिलास. आत ये म्हटलं तरी आत आला नाहीस, कपड्यांवर सिमेंट होतं म्हणून.

"साहेब, गेटवर काई जमंल का? उन्हात हुबा राह्यची तयारी हाय. निस्ती धूळ नको."

दहा वर्षांत तू माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. मी फोरमनशी बोललो. तो हैदराबादचा, कामाला पक्का. म्हणाला, "सर, उस के जैसा हाथ दूसरा नहीं है पॅकिंग में. सीझन खतम होने दो." मी पुन्हा विचारायचं ठरवलं. सीझन संपला, दुसरा आला. मग माझी बदली कंपनीच्या दुबई ऑफिसला झाली. तू पुन्हा विचारलं नाहीस आणि मी ते मनातल्या मनात तुझ्या खात्यावर टाकलं, की गरज असती तर विचारलं असतं.

दुसरी गोष्ट तुझ्या शेवटच्या कार्यक्रमाची. दोन हजार साल उलटून गेलं होतं. दुपारचा कार्यक्रम, हॉल निम्मा. त्या वर्षी मुंबईहून नाचाचा ग्रुप आला होता आणि तुला आधी ठेवलं होतं, लोक येऊन बसेपर्यंत. तू उभा राहिलास. पहिली दोन नावं नीट गेली. तिसऱ्याला आवाज वर न्यायचा असतो तिथे तो फाटला. तू थांबलास, घसा साफ केलास, पुन्हा तिथूनच उचललंस. पुन्हा फाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सांभाळून घेण्याच्या. मागे कुणीतरी पोरगं हसलं. तू तिसऱ्यांदा डोळे मिटलेस. मी साउंडवाल्याच्या शेजारी उभा होतो. मी त्याला खूण केली. तो म्हणाला, "शुअर?" मी म्हणालो, "यल्ला, बंद कर." माईक गेला, कीबोर्ड सुरू झाला, निवेदिकेने लगेच पुढचं नाव पुकारलं. तू डोळे उघडलेस तेव्हा ओठ हलत होते.

परतीच्या रस्त्यावर उम्म अल क्वैन मागे पडलं. ऊन उतरत होतं. मग समोर बघतच विचारलंस, "माईक कुनी बंद केला, साहेब?"

"टेक्निकल प्रॉब्लेम झाला."

"बरं."

मला वाटलं होतं, तिसऱ्यांदा पुन्हा फाटला असता तर तुला सहन झालं नसतं. खरंच असं वाटलं होतं. पण आज सरळ विचारतो स्वतःला तर उत्तर वेगळं येतं. मला सहन झालं नसतं. तुला आणलेला मी होतो, आणि सगळा हॉल बघत होता. शिवाय, कोण सांगेल, तिसऱ्यांदा लागलाही असता.

त्यानंतर तू गायला नाहीस. कुणी बोलावलंही नाही. फोन यायचे बंद झाले, ते किती लगेच, याचं मला आश्चर्य वाटलं होतं; तुला वाटलं नसावं. मी दुबईहून आधी पंधरा दिवसांनी यायचो, मग महिन्याने, मग सणाला.

गेल्या उन्हाळ्याआधी एक कल्पना घेऊन आलो होतो. मंडळाच्या मुलांसाठी सुट्टीतला वर्कशॉप. तू शिकवायचंस. आवाज नसला म्हणून काय झालं, म्हटलं, शब्द आहेत, चाल आहे, सगळं तुझ्या डोक्यात आहे. पूर्ण गोंधळ शिकव, न काटलेला. रेकॉर्ड करू, लिहून ठेवू. मला वाटत होतं की मी तुझं काहीतरी परत देतोय. तू खाटेवर बसला होतास. बराच वेळ बोटांनी चादरीच्या शिवणीवर ठेका धरलास. मग म्हणालास,

"शिकवू काय, साहेब? मला आता सात मिन्टाचाच येतो."

मला कळलंच नाही. तू पुन्हा सांगितलंस, शांतपणे, जसं कुणाला बसची वेळ सांगावी.

"म्या लई डाव बगितलं. आवतण सुरू करतो, आन् जितं तुमी काटलं तितनं आपसूक म्होरच्या नावावर जातो. मदली येतच न्हाईत. कथा तर पार गेली. सुरवात ठावं हाय, शेवट ठावं हाय."

"लिहिलेलं काही? वडिलांचं?"

"आमच्यात लिवत न्हाईत."

मी वही शोधली, अंबादास. तीच, ज्यात मी नावं उतरवून घेतली होती. घर बदलताना रद्दीत गेली. आणि असती तरी त्यात काटलेली नावं मिळाली असती, चाल नाही. कथा तर मी उतरवलीच नव्हती. तुला हे सांगायचं राहिलं. भांडायचंही राहिलं. मला वाटलं होतं, तू एकदा तरी म्हणशील, हे तुमी केलं, साहेब. तू चहा केलास, डबल दुधाचा, आणि सायलीची चौकशी केलीस. ती आता वरच्या वर्गात आहे, मराठी समजते पण बोलत नाही, असं मी सांगितलं. तू म्हणालास, "समजतंय ना, बास की."

ती आपली शेवटची भेट.

दोन आठवड्यांपूर्वी गुरुवारी सकाळी तुझ्या खोलीतल्या करीमनगरच्या राजय्याचा ऑफिसात फोन आला. शिफ्टला जायला बूट घालत होतास आणि खाटेच्या कडेवरून खाली आलास. हॉस्पिटलात नेलं तेव्हा खलास झालं होतं. कागदपत्रं व्हायला अकरा दिवस लागले. हे अकरा दिवस तू शवागारात होतास आणि मी रोज कुठल्या ना कुठल्या ऑफिसात होतो. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत तुझ्यासाठी मी एवढं धावलो नव्हतो.

वहिनींशी फोनवर बोललो. त्या रडल्या नाहीत, किंवा रडून झालं असेल. त्यांनी एवढंच विचारलं, "तितं लई मानसं याची म्हनं ह्येंचं ऐकायला?" मी म्हणालो, "हो वहिनी, हॉल भरायचा." त्या म्हणाल्या, "फोटूत दिसत्यात." एक क्षण वाटलं की त्यांना सगळं सांगावं. पण मग त्यांच्याकडे काय उरलं असतं?

काल महादेवचा फोन आला, बार्शीच्या बूथवरून. तू पोचलास. सगळं नीट पार पडलं म्हणाला. लाइन सारखी तुटत होती. मी मोठ्याने विचारलं, "महादेव, गोंधळ पूर्ण येतो का रे कुणाला? तुला?"

"मला निस्तं वाजवाय येतं, साहेब. गानं दादाकडंच व्हतं. दादा तिकडं गेल्यापस्नं माजं बी बंदच हाय. गान्याबिगर संबळ कोन ऐकतं?"

मग तोच आवाज खाली आणून म्हणाला,

"साहेब, दादाच्या जागंवर मानूस भरला का?"

"अजून नाही."

"मंग माजं बघा की. पासपोर्ट हाय माज्याकडं. तुमी मागं व्हिसा धाडनार व्हता न्हवं, तवाच काडलाय. कोराच हाय."

तुला वाटेल, मी नाही म्हणायला हवं होतं. मलाही वाटलं. पण त्याच्यामागे आता दोन घरं आहेत, त्याचं आणि तुझं. नको येऊस म्हणून त्याला तिथे द्यायला माझ्याकडे काही नाही. मी म्हणालो, "पासपोर्टची कॉपी पाठव." तो म्हणाला, "लई उपकार झालं, साहेब."

अंबादास, तुझी माफी मागायची तर कुठल्या गोष्टीची आधी मागू, हे मला उमगत नाही, आणि तू तर नुसतं "बरं" म्हणशील. म्हणून मागत नाही. घडलं तसं सांगून ठेवतो.

आज सकाळी फोरमनला फोन केला. तोच आहे अजून. म्हटलं, अंबादासचा भाऊ आहे, वयाने लहान, अंगाने दणकट, पॅकिंगला चालेल. तो लगेच हो म्हणाला, जागा रिकामीच होती. मग फोन ठेवता ठेवता, सहज, हसून त्याने विचारलं,

"वो भी गाता है क्या, सर?"

मी म्हणालो, "नहीं. वो नहीं गाता."

तुझा,
मोहन